सातपुड्यातील गॅस शेगडी : तोरणमाळच्या संदर्भात घरगुती इंधन-सुरक्षिततेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : चूल, द्रवरूप पेट्रोलियम वायू, घरगुती सुरक्षितता, तोरणमाळ, उज्ज्वला योजना, बोलीभाषा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात शेती, जमीनमहसूल, शिक्षण आणि चळवळी यांची विपुल चर्चा झाली आहे. त्या मानाने स्वयंपाकघराकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. घरात कोणते इंधन जळते, ते कोण आणते, त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो आणि त्यापासून होणारा अपघात कोणाच्या वाट्याला येतो, हे प्रश्न स्त्रीजीवनाशी आणि आर्थिक विषमतेशी थेट निगडित आहेत. प्रस्तुत लेखात गॅस शेगडीच्या प्रसाराचा इतिहास सुरक्षिततेच्या अंगाने तपासला असून त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे स्थळ डोळ्यांसमोर ठेवले आहे.

लेखाची मुख्य मांडणी अशी : शेगडी आणि सिलिंडर वाहनातून घरापर्यंत पोचवता येतात, ती सुरक्षितपणे वापरण्याचे ज्ञान मात्र तसे पोचवता येत नाही. ते सरावातून आणि समजेल अशा भाषेतून रुजते. महाराष्ट्रातील शहरांना त्यासाठी सुमारे अर्धशतक मिळाले. सातपुड्याच्या पाड्यांना तेवढा अवधी मिळालेला नाही.

उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील घरगुती गॅसच्या प्रसाराचे टप्पे पाहणे.
२. शहरी कुटुंबांत सुरक्षित वापराची सवय कशी रुजली, याचा शोध घेणे.
३. तोरणमाळसारख्या डोंगरी भागात गॅस शेगडीचा वापर व निगा यांचे स्थानिक संदर्भ स्पष्ट करणे.

शहरी पूर्वपीठिका

मुंबईत वायूचा वापर प्रथम दिव्यांसाठी झाला. १८६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीच्या दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर शहरातील रस्त्यांवरचे दिवे पेटू लागले. पुढे हाच वायू नळांवाटे काही घरांच्या स्वयंपाकघरांत पोचला. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी घटक असे. त्यामुळे वायू गळणे म्हणजे आगीइतकेच विषबाधेचेही भय होते.

बहुसंख्य मराठी घरांत मात्र चूल आणि कोळशाची शेगडी यांचेच राज्य होते. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने विकसित केलेला हवा भरण्याचा ‘प्रायमस’ स्टोव्ह विसाव्या शतकात येथील मध्यमवर्गाच्या घरात स्थिरावला. पिन मारणे, पंप करणे, भडका उडाल्यास हवा सोडणे ही कौशल्ये घरोघरी आत्मसात झाली. याच स्टोव्हची एक काळी बाजूही होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या वारंवार येऊ लागल्या, तेव्हा हे सगळेच अपघात नाहीत, असे स्त्री-संघटनांनी ठामपणे मांडले. तत्कालीन भारतीय दंडसंहितेत १९८३ मध्ये कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये कलम ३०४-ब यांचा समावेश झाला, त्यामागे हा अनुभव होता. स्वयंपाकघरातील आगीचा विचार केवळ तांत्रिक अंगाने करता येत नाही, हा धडा त्या काळाने दिला.

द्रवरूप पेट्रोलियम वायूचा मार्ग तेलशुद्धीकरणातून खुला झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास तुर्भे-माहुल परिसरात शुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि बर्मा-शेल कंपनीचा ‘बर्शेन’ गॅस मुंबईतील घरांत येऊ लागला. इंडियन ऑइलने ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात दिली. १९७० च्या दशकात एस्सो व बर्मा-शेल यांचे राष्ट्रीयीकरण होऊन अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यानंतरची दोन दशके प्रतीक्षायादीची होती. गॅससाठी नाव नोंदवून कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहत. ही परिस्थिती शतक संपता संपता पालटली.

सवय कशी रुजली?

या दीर्घ प्रतीक्षेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गॅस एकाच वेळी सगळ्यांच्या घरी आला नाही. तो आधी शेजारी, मग नातलगांकडे आणि नंतर स्वतःच्या घरी आला. दरम्यान, तो कसा वापरतात हे पाहून झालेले असे. ‘आधी काडी, मग बटन’, ‘रात्री निजताना रेग्युलेटर बंद’ असे नियम सासूकडून सुनेकडे व शेजारणीकडून शेजारणीकडे तोंडी पोचले. सिलिंडर पोचवणारा कर्मचारी महिन्या-दीड महिन्याने दारात येई. वॉशर खराब असल्यास त्याला सांगता येई. तक्रार करायला वितरकाचे दुकान जवळ होते.

घराची रचनाही बदलली. जमिनीवर बसून रांधण्याऐवजी उभ्याने रांधण्यासाठी ओटा आला. हा बदल सोयीपुरता नव्हता. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. शेगडी वर आणि सिलिंडर खाली या मांडणीमुळे ज्योत गळतीपासून दूर राहते. ओट्याने शास्त्राचा एक नियम अंगवळणी पाडला, तो पाळणाऱ्यांना त्यामागील कारण ठाऊक असो वा नसो.

तरीही शहर धोक्यापासून मुक्त झाले नाही. ६ डिसेंबर २०२० रोजी मुंबईतील लालबाग येथील साराभाई इमारतीत गॅसगळतीनंतर स्फोट झाला. अनेक जण भाजले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. दाट वस्तीच्या, गॅस दीर्घकाळ परिचित असलेल्या भागात हे घडू शकते, तर जेथे गॅस नवखा आहे तेथे अधिक दक्षता हवी, हे उघड आहे.

तोरणमाळ : भूगोल आणि घर

तोरणमाळ हे अक्राणी (धडगाव) तालुक्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर उंचीवरील पठार आहे. यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीला भरणारी गोरखनाथाची यात्रा यांमुळे ते परिचित आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने घाट चढून येथे यावे लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी होती. डोंगरी भागात मुख्यतः भिल्ल व पावरा समाजाची वस्ती असून घरातील बोली भिली वा पावरी आहे.

येथील पारंपरिक घर बांबूच्या, मातीने लिंपलेल्या कुडाचे असते. चूल जमिनीवर असते. ती केवळ अन्न शिजवत नाही; हिवाळ्यात ऊब देते, वाळवण सुकवते आणि घरच्यांना भोवती बसवते. म्हणून गॅस आल्यावर चूल विझत नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि सुरक्षिततेचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अल्पावधीतील झेप

चुलीच्या धुराकडे शासनाचे लक्ष पूर्वीच गेले होते. १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. गॅसची व्याप्ती मात्र शहरांपुरती राहिली. २०११ च्या जनगणनेत देशातील केवळ २८.५ टक्के कुटुंबे मुख्यतः गॅसवर स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील कार्यक्रमात आठ कोटींची जोडणी दिली गेली. जे शहरांत पन्नास वर्षांत घडले, ते ग्रामीण भारतात साडेतीन वर्षांत घडवण्याचा हा प्रयत्न होता. धुरापासून सुटकेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाने एक बाब पुढे आणली. वर्षभर वा त्याहून अधिक काळ जोडणी असलेली उज्ज्वला कुटुंबे वर्षाला सरासरी सव्वातीनच्या आसपासच सिलिंडर भरून घेत होती. ही बाब सामान्यतः परवडण्याच्या दृष्टीने चर्चिली जाते. तिला सुरक्षिततेचीही बाजू आहे. जी शेगडी रोज पेटते, तिचा आवाज, ज्योतीचा रंग आणि वास घरातील स्त्रीच्या ओळखीचा होतो. जी महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहते, तिची रबरी नळी कडक होते वा उंदीर कुरतडतात, बर्नरच्या छिद्रांत कोळी जाळे विणतो. पाहुणे आले म्हणून ती अचानक पेटवली जाते, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. क्वचित वापर म्हणजे कमी धोका, हा समज त्यामुळे फसवा ठरतो.

वापर व निगा : शास्त्र आणि स्थानिक संदर्भ

सुरक्षिततेच्या सर्वसामान्य सूचना सर्वत्र सारख्याच असतात. तोरणमाळच्या संदर्भात त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा लागतो.

१. मांडणी : सिलिंडर नेहमी उभा आणि सपाट जमिनीवर असावा. शेगडी त्याच्याहून उंच जागी असावी. सिमेंटचा ओटा नसल्यास दगड-मातीचा ओटा घरच्या घरी बांधता येतो. शेगडी जमिनीवर आणि शेजारी पेटती चूल ही मांडणी सर्वांत घातक होय. चूल आणि सिलिंडर एका खोलीत असू नयेत. तसे शक्य नसल्यास त्यांत जास्तीत जास्त अंतर राखावे आणि एक पेटलेले असताना दुसरे वापरू नये.

२. हवा : कुडाच्या भिंतीतून थोडी हवा खेळते. नव्या पक्क्या घरात थंडीमुळे दारे-खिडक्या बंद ठेवल्यास साचलेला वायू बाहेर पडायला वाट उरत नाही. पक्के घर बांधताना जमिनीलगत झरोका ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

३. थंडी : सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली असल्याने कडक थंडीत दाब घटून ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर चुलीजवळ ठेवून वा गरम पाणी ओतून तापवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आडवा करून हलवणेही धोक्याचे आहे.

४. उंची : या उंचीवर पाणी सुमारे ९६ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे डाळ शिजायला वेळ अधिक लागतो. झाकण ठेवून शिजवणे, डाळ भिजत घालणे व प्रेशर कुकर वापरणे यांमुळे इंधन वाचते. बराच वेळ शिजणाऱ्या भांड्यावर लक्ष मात्र हवे, कारण उतू गेलेल्या पाण्याने ज्योत विझली तरी वायू वाहतच राहतो.

५. तपासणी : सिलिंडर घेतानाच झाकण व त्यावरील मोहोर पाहावी. सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे; काडी ओढून गळती कधीही शोधू नये. मानकचिन्ह असलेली ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलावी आणि तडा दिसल्यास त्याआधीच. ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत व काळे पडणारे भांडे ही बर्नर साफ करण्याची खूण आहे.

६. गळती झाल्यास : हा वायू मुळात गंधहीन असतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास येताच चूल, दिवा, विडी विझवावी. विजेचे बटन चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवर झाकण बसवावे, दारे उघडावीत आणि सर्वांनी बाहेर यावे. १९०६ हा गळतीच्या तक्रारीसाठीचा क्रमांक आहे. मात्र अग्निशमन बंब सपाटीवरून घाट चढून यायला वेळ लागणार. येथे पहिली दहा मिनिटे घरातील माणसांच्याच हाती असतात.

वाहतुकीचाही विचार करावा लागतो. १४.२ किलो वायूने भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन ३० किलोच्या आसपास भरते. रस्त्यापासून दूरच्या पाड्यावर ते डोक्या-खांद्यावरून नेताना आपटण्याची शक्यता असते. उज्ज्वला ग्राहकांना उपलब्ध असलेला पाच किलोचा सिलिंडर अशा ठिकाणी अधिक योग्य ठरतो.

भाषेचा प्रश्न

सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर पुढील चाचणीची मुदत लिहिलेली असते. रोमन लिपीतील ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात. ‘सी-२८’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२८. ज्या स्त्रीला हा सिलिंडर वापरायचा आहे, तिच्यासाठी ही खूण बहुधा मुकीच राहते. सूचनापत्रके मराठी, हिंदी वा इंग्रजीत असतात. तिचा संसार पावरी वा भिलीत चालतो. २०१७ पासून भरवल्या गेलेल्या एलपीजी पंचायतींमागे समोरासमोर बोलण्याची कल्पना होती आणि ती योग्य दिशेची होती. पण एका मेळाव्याने सवय लागत नाही. शहरात शेजारणीने जे काम केले, ते येथे कोणी करायचे, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर महाविद्यालयांपाशी आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत याच पाड्यांवरून येणारे विद्यार्थी-विद्यार्थिनी शिकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात साबणाच्या पाण्याची चाचणी, रेग्युलेटर काढणे-लावणे आणि वासाची ओळख यांचे प्रात्यक्षिक घेऊन त्यांनी ते घरी आपल्या बोलीत सांगितले, तर पत्रकापेक्षा ते अधिक पोचेल. रसायनशास्त्र, गृहविज्ञान, भाषा व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे, असे हे काम आहे.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांत गॅसचा सुरक्षित वापर प्रामुख्याने शेजार, नियमित वापर आणि ओट्यासारखी गृहरचना यांतून रुजला.
२. डोंगरी भागात जोडणी अल्पावधीत पोचली; परंतु चुलीचे सहअस्तित्व व गॅसचा तुरळक वापर यांमुळे धोक्याचे स्वरूप निराळे आहे.
३. थंडी, उंची, घाट आणि घराची बांधणी लक्षात घेऊन सूचनांची स्थानिक मांडणी करणे गरजेचे आहे.
४. सुरक्षिततेचे शिक्षण घरातील बोलीत व प्रात्यक्षिकासह झाले पाहिजे.

धुरातून सुटका हा तोरणमाळच्या स्त्रीचा हक्क आहे. त्या सुटकेची किंमत तिला नव्या भयाच्या रूपाने मोजावी लागू नये, याची जबाबदारी शेगडी देणाऱ्यांवर जितकी, तितकीच ज्ञान बाळगणाऱ्या संस्थांवरही आहे.