दुकान कोणाच्या जागेत मांडायचं?

आमची एक माजी विद्यार्थिनी घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करते. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या असा तिचा माल. सोबत पाच-सहा जणी काम करतात. काही महिन्यांपूर्वी ती एक अडचण घेऊन आमच्याकडे आली. चार वर्षांपूर्वी तिनं एका फुकट सेवेवर आपलं संकेतस्थळ उभारलं होतं आणि त्याचा पत्ता पाकिटांच्या लेबलांवर छापून घेतला होता. ती सेवा बंद झाली. तशी सूचना ई-मेलनं आली होती, पण कामाच्या धांदलीत ती वाचायची राहून गेली. आता त्या पत्त्यावर काहीच उघडत नव्हतं. गिऱ्हाइकांची यादीही तिथेच होती, तीही गेली. आणि छापलेली तीन हजार लेबलं घरात पडून होती. "आता नवीन कुठे मांडू?" असा तिचा प्रश्न होता.

आम्ही आधी निरनिराळ्या सेवांचे दर आणि सोयी लिहून काढायला बसलो. थोड्याच वेळात लक्षात आलं की ही यादी वर्षभरात शिळी होणार. मग आम्ही उलट बाजूनं विचार केला. गेली तीसेक वर्षं लोक हीच निवड करत आले आहेत. त्यांचं काय टिकलं आणि काय गेलं?

पहिली निवड

१९९१ साली माहिती शोधण्याच्या दोन पद्धती जवळजवळ एकाच वेळी लोकांपुढे आल्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 'गोफर' तयार झाली. तिच्यात याद्यांमधून एकेक पायरी उतरत हव्या त्या मजकुरापर्यंत जाता येत असे. दुसरी पद्धत जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी रचलेली, म्हणजे आज आपण वापरतो ते वेब. सुरुवातीला गोफर पुढे होती. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठानं गोफरच्या सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्ननं वेबची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. कोणीही वापरावी, बदलावी, पैसे द्यायला नकोत. शुल्काच्या बातमीनं अनेकजण गोफरपासून दूर गेले. वेबच्या विजयाचं हे एकच कारण नव्हे. मजकुरासोबत चित्रं दाखवणारा 'मोझेइक' हा ब्राउझरही त्याच वर्षी आला होता. पण ज्यावर आपण सगळं उभारायचं त्याच्या अटी उद्या बदलू शकतात, हे मात्र लोकांना तेव्हाच कळलं.

वेबची पानं साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असतात. कोणत्याही साध्या लेखन-प्रणालीत ती उघडता येतात. म्हणूनच २०१३ साली सर्ननं आपलं पहिलं संकेतस्थळ जुन्या पत्त्यावर पुन्हा मांडलं, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा तो मजकूर नव्या ब्राउझरमध्ये सहज वाचता आला.

फुकटची वसाहत

सामान्य माणसाला स्वतःचा सर्व्हर चालवणं कसं जमणार? १९९४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'जिओसिटीज'नं यावर उपाय काढला. तिथे 'मोहल्ले' होते. हॉलिवूड नावाच्या मोहल्ल्यात सिनेमाची पानं, वॉल स्ट्रीटमध्ये व्यापाराची. आपण मोहल्ला निवडायचा, रिकामा घर-क्रमांक घ्यायचा आणि आपलं पान मांडायचं. जागा फुकट, आणि पानांवरच्या जाहिरातींचं उत्पन्न कंपनीला. लाखो लोक तिथे राहायला आले. त्यांत छोटे दुकानदारही होते.

१९९९ साली याहूनं ही वसाहत विकत घेतली. पाठोपाठ नव्या अटी आल्या. इथल्या मजकुरावर याहूला व्यापक हक्क राहतील, असा त्यांचा अर्थ होत होता. रहिवाशांनी निषेध केला आणि कंपनीला अटी बदलाव्या लागल्या. पुढे दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, जिओसिटीज बंद झाली. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आणि काही स्वयंसेवक यांनी घाईघाईनं बऱ्याच पानांच्या प्रती काढून ठेवल्या. पण ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचं भवितव्य अशा परक्या माणसांच्या हाती होतं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर छोट्या दुकानांना फुकट संकेतस्थळ मिळत असे. ती संकेतस्थळं मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

भाड्याचा गाळा आणि स्वतःचं घर

फुकट जागेखेरीज आणखी दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट भाड्याच्या तयार गाळ्याची. १९९५ साली पॉल ग्रॅहम, रॉबर्ट मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वायावेब' सुरू केली. दुकानदारानं आपल्या संगणकावर काहीही बसवायचं नाही, ब्राउझरमधूनच दुकान मांडायचं. प्रणाली चालायची ती कंपनीच्या संगणकावर. १९९८ साली तीही याहूनं घेतली. 'शॉपिफाय'ची कथा याहून मजेदार आहे. कॅनडात टोबियस ल्युटके यांना बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकायच्या होत्या. हाती असलेल्या प्रणाली पसंत पडेनात, म्हणून त्यांनी २००४ साली आपल्या दुकानापुरती नवी लिहिली. शेवटी फळ्यांपेक्षा ती प्रणालीच महत्त्वाची ठरली आणि २००६ पासून ती इतर दुकानदारांना भाड्यानं मिळू लागली.

दुसरी वाट स्वतःच्या घराची. 'बी-टू' नावाची एक मुक्त प्रणाली होती. तिचा कर्ता ती पुढे चालवेनासा झाला. एरवी ती तिथेच संपली असती. पण तिचा परवाना असा होता की कोणीही ती घेऊन पुढे नेऊ शकत होतं. अमेरिकेतला विद्यार्थी मॅट मलेनवेग आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तेच केलं. २७ मे २००३ रोजी 'वर्डप्रेस'ची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार तिच्यावर चालतात. ती हव्या त्या सर्व्हरवर बसवता येते, आणि एक सर्व्हर आवडला नाही तर दुसरीकडे हलवता येते. मात्र स्वतःच्या घराची गळती स्वतःलाच काढावी लागते. नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवल्या नाहीत तर चोरांना दार उघडं मिळतं. भाड्याच्या गाळ्यात ती काळजी मालक घेतो, आणि भाडं वाढवायचं की गाळा बंद करायचा हेही तोच ठरवतो.

नाव वेगळं, जागा वेगळी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपण ब्राउझरमध्ये नाव लिहितो, पण संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा सांगणारी जगभरची 'डिरेक्टरी' पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिचा फायदा असा, की सर्व्हर बदलला तर डिरेक्टरीतला आकडा बदलायचा, नाव तेच राहतं. आपल्याकडे २०११ पासून मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, तसंच काहीसं. २०१४ पासून तर '.भारत' या शेवटासह देवनागरीतलं नावही घेता येतं.

हे नाव कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीनं शुल्क भरून राखावं लागतं. आणि ते कोणाच्या नावावर नोंदलंय हे पाहावं लागतं. संकेतस्थळ बनवून देणारा कधीकधी ते स्वतःच्याच नावावर घेतो. मग दुकान आपलं आणि पाटी त्याची.

आमच्या विद्यार्थिनीचं नेमकं इथेच चुकलं होतं. फुकट जागा घेणं ही चूक नव्हती, सुरुवातीला तिच्याकडे पैसेच नव्हते. पण पत्ताही त्या सेवेच्याच नावाचा होता. जागा गेली तशी लेबलंही फुकट गेली.

म्हणून आम्ही तिच्यासमोर तीन प्रश्न ठेवले. नाव कोणाचं? माल आणि गिऱ्हाइकांची माहिती साध्या फाइलीत बाहेर काढता येते का? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? तिसऱ्या प्रश्नावर तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, आमच्यात कोणालाच वेळ नाही." तेव्हा तिनं भाड्याचा गाळा घेतला, पण नाव स्वतःच्या नावावर नोंदवून. दर महिन्याच्या एक तारखेला ती गिऱ्हाइकांची आणि दरांची यादी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते. जिच्या घरात संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी आहे, तिला दुसरं उत्तर योग्य ठरू शकेल.

वर्गात हे करून बघता येईल. मुलांना साध्या लेखन-प्रणालीत चार ओळींचं वेबपान लिहायला सांगा, ते ब्राउझरमध्ये उघडू द्या आणि दुसऱ्या संगणकावर नेऊन तिथेही उघडतंय का ते पाहा. मग गावातल्या तीन दुकानदारांना वरचे तीन प्रश्न विचारून यायला सांगा. बहुतेकांना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर शोधावं लागेल असा आमचा अंदाज आहे.

ती तीन हजार लेबलं मात्र वाया गेली नाहीत. दोन रविवार बसून सगळ्याजणींनी जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पुन्हा तसं बसावं लागू नये, एवढ्यासाठीच हा सगळा इतिहास.