तोतया 'साहेबां'चा फोन आला तर काय कराल? या खुणा ओळखा, पैसे वाचवा

अलिबाग : 'बँकेतून बोलतोय', 'महावितरणमधून बोलतोय', 'सीबीआयमधून बोलतोय' असं सांगून खातं रिकामं करणारे भामटे आता शहरापुरते राहिलेले नाहीत. मासळी विकून आलेले पैसे असोत, मुंबईला असलेल्या मुलाने पाठवलेले असोत की लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, मोबाईलला जोडलेलं कुठलंही खातं त्यांच्या तावडीत सापडू शकतं. २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे.

नेहमीची सोंगं

लाडकी बहीण ई-केवायसी : सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाल्यावर बनावट वेबसाईट निघाल्या. ई-केवायसी फक्त सरकारी संकेतस्थळावरच करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर आधार नंबर किंवा ओटीपी टाकू नका.

वीज कापण्याचा मेसेज : 'आज रात्री वीज बंद होईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज येतो. महावितरण कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. शंका असेल तर १९१२ वर विचारा.

लष्करातला 'ग्राहक' : नागाव, काशीद, दिवेआगरच्या कॉटेजवाल्यांनी हे वाचाच. फौजी असल्याचं सांगून बुकिंग होतं आणि ॲडव्हान्स 'पाठवण्यासाठी' क्यूआर कोड येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपलेच जातात.

एपीके फाईल : लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा पीएम किसानच्या नावाने फाईल येते. ती इन्स्टॉल केली तर आपले ओटीपी समोरच्याच्या हाती जाऊ शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्याचाही फोन हॅक झालेला असू शकतो.

'डिजिटल अरेस्ट' : व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो. 'तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कुणाला सांगू नका,' असं दटावतो. कायद्यात अशी अटकच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटींना लुटलं होतं. म्हणजे फसणारा अडाणीच असतो, असं नाही.

खूण एकच

सोंग कुठलंही असो, घाई, भीती आणि 'घरात सांगू नका' यातलं काही ना काही असतंच. खरा अधिकारी फोनवर ओटीपी किंवा पैसे मागत नाही. फोन ठेवा, घरात कुणाला तरी सांगा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवरून बँकेत स्वतः फोन लावा. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबरही बनावट असू शकतो.

पैसे गेलेच तर

१. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येतात.

२. बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, आपण स्वतः ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं आहे.

३. मेसेज, कॉलची नोंद, व्यवहार क्रमांक डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा.

४. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

लाजेपोटी गप्प बसण्यात गेलेला प्रत्येक तास भामट्याच्या पथ्यावर पडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत. १९३० हा नंबर आजच त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.