खर्च पानसुपारीचा

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात खऱ्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. तुळशीच्या लग्नाला खर्च तो काय? उसाचे चार दांडे, चिंचा-आवळे, मूठभर चुरमुरे आणि शेजारपाजारची पोरे. ते आटोपून वडीलधारी मंडळी माजघरात बसतात आणि घरच्या मुलीच्या लग्नाचा हिशेब मांडू लागतात, तेव्हा मात्र कागद पुरत नाही. कार्यालय, जेवणावळ, मानपान, सोने, वाजंत्री, आहेर. अशा वेळी ती मुलगीच मध्ये तोंड घालते : "आम्हाला चाळीस माणसांत, आमच्या पद्धतीनं करायचंय." त्यावर घरातून पहिले उत्तर येते, "आपल्यात असं नसतं." भिंतीपलीकडच्या कानडी घरात हाच प्रसंग घडला तर तिथेही उत्तर तेच, "नम्मल्लि हंगिल्ल."

या एका वाक्याची इतिहासाच्या अंगाने तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण मराठी आणि कानडी, दोन्ही मुलुखांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास उघडून पाहिला तर "असं नसतं" हे खरे नाही, असेच दिसते. असे होते, वारंवार होते, आणि ते करणारी माणसे आज आपण ज्यांच्या तसबिरी भिंतीवर लावतो तीच होती.

प्रारंभ पुण्यापासून करावा लागतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यानंतर पुरते तीन महिने होतात न होतात तोच, त्याच वर्षी २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई. भटजी नव्हते, दक्षिणा नव्हती. खर्च झाला तो पानसुपारीचा.

हा काळ कोणता होता, तेही पाहिले पाहिजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखते जाळली. या दंगलींच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. कुणबी कर्जात बुडतो तो लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे, असे त्या काळी साहेबलोकही म्हणत आणि आपले शहाणेसुरतेही. आयोगाने मात्र वेगळेच म्हटले. लग्नाचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने जास्त आहे हे खरे. पण असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात, आणि केवळ त्यामुळे कर्जाची सुरुवात होते असे क्वचितच घडते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. शेतसारा, पावसाचा लहरीपणा आणि सावकारी व्याज यांच्या ओझ्याखाली आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर लग्नाची आणखी एक गोणी पडे, इतकेच.

फुल्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच 'लग्नात काटकसर करा' एवढाच उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांचा प्रश्न निराळा होता : लग्न लागते ते दोघांचे, मग त्या दोघांना न समजणाऱ्या भाषेत तिसराच का बोलतो? १८८७ साली सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली मंगलाष्टके मराठीत आहेत, आणि ती वधू-वरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. वधू स्पष्ट विचारते की आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तर आमचे हक्क देण्याची शपथ तू घेतोस काय? आणि वर उत्तर देतो की स्त्रियांचे अधिकार स्थापन करण्यासाठी मी झटेन, त्यासाठी माझे सर्वस्व खर्चायलाही भिणार नाही.

वाचकांनी इथे जरा थांबावे. पानसुपारीत उरकणाऱ्या लग्नात नवरदेव खर्चाची भाषा करतो, पण कशासाठी? मांडवासाठी नाही, वरातीसाठी नाही, तर बायकोच्या हक्कासाठी. खर्च कुठे करायचा नाही आणि कुठे करायचा, याचा याहून सरळ हिशेब मराठीत दुसरा कुणी मांडला असेल असे वाटत नाही. बोलल्याप्रमाणे फुल्यांनी स्वतःच्या घरीही केले. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न ४ फेब्रुवारी १८८९ रोजी याच पद्धतीने झाले.

अर्थात हे सुखासुखी घडले नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटलांनी भिक्षुकांना न बोलावता घरची लग्ने लावली. गावच्या भिक्षुकांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याला लग्नाला बोलावलेच नाही, त्याला पैसे का द्यायचे, हे ठरवायला आपल्याकडे हायकोर्ट लागले.

पुण्याहून हे वारे दक्षिणेकडे, आपल्या शेजारी कोल्हापुरात आले. शाहू महाराजांनी १९२० साली पुरोहितांचे शिक्षण देणारी शाळाच काढली. विधी हवा, पण तो सांगणारा आपल्यातला का नसावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे ज्यांना देवाब्राह्मणांपुढचे लग्न अजिबात सोडायचे नव्हते, त्यांच्यासाठीही एक मधली वाट निघाली. नव्याला तयार नसलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ही वाट आजही उपयोगी पडण्यासारखी आहे.

आता याच काळातले एक वेगळे लग्न पाहू. कारण साध्या लग्नाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईला भायखळ्याच्या बाजारात एक लग्न लागले. धनंजय कीरांनी त्याचे वर्णन केले आहे. संध्याकाळी बाजार उठल्यावर उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडची मंडळी बसली, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. माल मांडायचे दगडी ओटे हीच बैठक. सकाळी बाजार भरायच्या आत सगळे आवरून निघायचे. वर होते भीमराव आंबेडकर, वधू रमाबाई. खर्च इथेही थोडाच झाला. पण हे साधेपण निवडलेले नव्हते, दारिद्र्याने लादलेले होते. वर शाळकरी वयाचा आणि वधू त्याहून लहान. त्यांना कुणी काही विचारले असण्याचा प्रश्नच नव्हता. याच बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीला डॉ. शारदा कबीर यांच्याशी दुसरा विवाह केला, तो राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने. लग्न दोन्ही वेळा साधेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी साधेपणाचा निर्णय ज्यांचे लग्न त्यांचा होता.

हा निर्णय घेण्याची मुभा कायद्यानेही फार सावकाश दिली. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. पुष्कळांची पावले तिथेच अडत. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत लग्न करताना तशी गरज उरली नाही. आणि मग अशी काही लग्ने झाली की ज्यांच्या आठवणी मराठी माणूस चवीने सांगतो.

त्यातले सर्वांत लाडके अर्थातच रत्नागिरीचे. १२ जून १९४६ रोजी पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले. सुनीताबाईंच्या 'आहे मनोहर तरी' मध्ये त्याची हकीकत आहे. एकूण खर्च आठ आणे. तोही छापील फॉर्मचा. हेच पु. ल. पुढे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला बेळगावात आले आणि इथल्या रावसाहेबांना त्यांनी अजरामर करून ठेवले. आपण त्यांच्या बेळगावच्या आठवणी घरोघर सांगतो. आठ आण्यांची आठवण मात्र घरात लग्न ठरले की नेमकी कुणाला होत नाही.

ही सगळी झाली मराठी मुलुखातली उदाहरणे. आपली घरे दोन भाषांच्या मधोमध असल्यामुळे दुसऱ्या बाजूचीही खिडकी उघडायला हवी. कानडीतले राष्ट्रकवी कुवेंपु यांनी १९६६ साली आपला मुलगा, लेखक पूर्णचंद्र तेजस्वी, याच्या राजेश्वरींशी झालेल्या लग्नासाठी 'मंत्र मांगल्य' ही विवाहसंहिता तयार केली. मुहूर्त-पंचांगाचे बंधन नाही, हुंडा नाही, डामडौल नाही, कुणी कर्ज काढायचे नाही. ज्यांच्याविषयी आदर आहे अशा कुणीही समोर उभे राहून प्रतिज्ञा वाचाव्यात आणि वधूवरांनी त्या समजून-उमजून म्हणाव्यात. फुले आणि कुवेंपु यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, भाषा वेगळी आहे. पण दोघांनी लग्नातून काय काढले आणि काय ठेवले हे ताडून पाहिले तर यादी एकच निघते. काढला तो डौल. ठेवला तो शब्द, आणि तोही दोघांना कळेल असा. तमिळनाडूने तर १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात खास कलम घालून आप्तमित्रांपुढे, पुरोहितावाचून लागलेल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. कर्नाटकातच धर्मस्थळला १९७२ पासून सामुदायिक विवाहांची प्रथा सुरू झाली आणि कर्ज न काढता लग्न करण्याची सोय गोरगरिबांना झाली.

घाट उतरून गोव्यात गेलो तर तिथली तऱ्हा आणखी निराळी. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर २५ डिसेंबर १९१० रोजी विवाहाचा नवा कायदा झाला आणि लग्न हा दोघांमधला दिवाणी करार ठरला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही तिथे दिवाणी नोंदणीची चाल कायम राहिली. म्हणून गोव्याच्या सोयरिकीत कचेरीतल्या सह्या हा लग्नाचा कणा असतो. आपल्याकडच्या आत्या-मावश्यांना "सह्या झाल्या, पण लग्न व्हायचं आहे" हे वाक्य कोड्यासारखे वाटते. तिकडे ते रोजचे आहे. योगायोग असा की फुल्यांच्या पहिल्या सत्यशोधक लग्नाची तारीखही २५ डिसेंबरच.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर हंगामाच्या तोंडावर एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रूढ विधीने लागलेले लग्न मान्य केले आहे. म्हणजे दोन्हीकडचे सगळे विधी दोनदा करण्याची कायद्याची सक्ती नाही; ती फक्त मानपानाची. मात्र एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की या कायद्याखाली आवश्यक ते विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न झाले असे होत नाही. तेव्हा ज्यांना विधी नकोतच त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट धरावी. तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, आणि दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे तोंडाने उच्चारलेले वाक्य. तिथेही शेवटी शब्दच लागतो. कागद पुढे ढकलणारे आणि 'पुढे बघू' म्हणणारे नंतर वारसाहक्काच्या वेळी अडतात. साध्या लग्नात हीच एक गोष्ट कधी साधी समजू नये.

२०२० साली टाळेबंदी आली आणि केंद्र सरकारने लग्नाला पन्नासच माणसांची मर्यादा घातली. कोगनोळीच्या नाक्यावर रस्ता अडला. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वऱ्हाड जाईना. त्या वर्षी किती घरांत ओसरीवर, परसात, आंब्याखाली लग्ने लागली! कुणाचे नाक कापले गेले नाही, कुणाची सोयरीक तुटली नाही. बंधने उठली तशी कार्यालयेही पुन्हा भरली. हेही भायखळ्याच्या बाजारासारखेच झाले : लादलेला साधेपणा लादणारा गेला की जातो. टिकतो तो पटलेला.

म्हणून ज्या मुलामुलींना थोडक्या पैशांत, आपल्या मनासारखे लग्न करायचे आहे, त्यांनी पैशांचा हिशेब जरूर मांडावा. पण आरंभ तिथून करू नये. आरंभ शब्दांपासून करावा. आपण एकमेकांना काय वचन देणार, ते आधी लिहून काढावे. वर कानडी आणि वधू मराठी असेल, तर दोन्ही भाषांत लिहावे आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेतले म्हणावे. उच्चार चुकले तर दोन्हीकडच्या आज्या हसतील आणि त्या हसण्यातच निम्मी सोयरीक जुळेल. ते वाचून घ्यायला घरातल्या एखाद्या थोरल्या बाईला उभे करावे. अक्षता म्हणा की अक्कीकाळू, मूठभर तांदूळ पुरतात. जेवायला घरचे करता येईल एवढीच माणसे बोलवावीत.

आणि वडीलधाऱ्यांनी? त्यांनी "आपल्यात असं नसतं" म्हणण्याआधी मुलीने लिहिलेला तो कागद एकदा मागून घ्यावा आणि शांतपणे वाचावा. त्यात तिने काय मागितले आहे आणि त्याने काय कबूल केले आहे, ते पाहावे. हिशेबाचा कागद त्यानंतर पुढे घ्यावा.