गुंडीवरील आकडा : ‘१०५’ या क्रमांकाचे एक उदाहरण

जुन्या लष्करी गणवेशांच्या गुंड्या हे इतिहासाचे गौण साधन समजले जाते, आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु कागदोपत्री पुरावा नसेल तेथे गुंडीवर मोठमोठी अनुमाने उभारली जातात. मग ती वाचावी कशी, हा प्रश्न गौण राहत नाही. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याने याकडे वाचनाचाच प्रश्न म्हणून पाहिले आहे.

एका खासगी संग्रहात सोनेरी मुलाम्याची एक पितळी गुंडी पाहण्यात आली. तिच्यावर बिगुल व त्याच्या वळशात ‘१०५’ हा आकडा, मुकुट नाही. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मराठा शिपायाची गुंडी, पहिले महायुद्ध’ असे लिहिलेले होते. १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, एवढाच या विधानाचा आधार.

ब्रिटिश पायदळात रेजिमेंटचा क्रमांक गुंडीवर घालण्याचा हुकूम १७६७ साली निघाला. तेव्हापासून क्रमांक हेच पलटणीचे नाव, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः क्रमांक हे नाव नव्हे. ते एका व्यवस्थेतील स्थान होय, आणि व्यवस्था बदलली की त्याचा अर्थही बदलतो. १८६२ साली कंपनीच्या युरोपीय पलटणी राणीच्या सैन्याच्या क्रमवारीत आल्या, तेव्हा मुंबईची पहिली युरोपीय पलटण १०३वी (रॉयल बॉम्बे फ्यूझिलिअर्स) झाली आणि मद्रासची दुसरी युरोपीय पलटण १०५वी (मद्रास लाइट इन्फन्ट्री). १८८१ च्या पुनर्रचनेत हे क्रमांक गेले. पुढे १९०३ साली किचनेरच्या योजनेनुसार मुंबईच्या देशी पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. तिसरीची १०३वी आणि पाचवीची १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९२२ मध्ये तेही क्रमांक लोपले.

म्हणजे एकाच आकड्याचे दोन धनी. १०३ च्या बाबतीत चिन्हाचे साह्य होते : फ्यूझिलिअर्सचे चिन्ह पेटता गोळा, लाइट इन्फन्ट्रीचे बिगुल. १०५ च्या बाबतीत दोन्ही पलटणी लाइट इन्फन्ट्रीच्याच! ‘कर’ हा शब्द सुटा उच्चारला तर हात की सारा हे जसे कळत नाही, तशीच येथे स्थिती होते, आणि निर्णय संदर्भावर सोपवावा लागतो.

संदर्भ शोधावयाचा कोठे? धातू येथे निरुपयोगी. सामान्य सैनिकांच्या कथिलमिश्रित गुंड्या जाऊन पितळी आल्या त्या १८५५ साली, म्हणजे दोन्ही पलटणींच्या आधीच. १८७१ पासून सामान्य सैनिकांना राजचिन्हाची एकच गुंडी मिळू लागली. यावरून मद्रासच्या १०५व्या पलटणीतील सैनिकाच्या क्रमांकित गुंडीचा काळ १८६२ ते १८७१ असा आवळता येतो, पण अधिकाऱ्यांच्या गुंड्यांवर क्रमांक १८८१ पर्यंत टिकला. मुकुट असता तर प्रश्न चुटकीसरशी सुटता : व्हिक्टोरियाच्या काळाचा मुकुट वेगळा आणि १९०१ नंतरचा, घुमटाकार कमानींचा, वेगळा.

उत्तर मिळाले ते पाठीमागे, कडीभोवती. तेथे बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट या उत्पादकांचे नाव होते. हा व्यवसाय १८८४ साली सुरू झाला. मद्रासच्या १०५व्या पलटणीचा क्रमांक त्याच्या तीन वर्षे आधीच गेला होता. गुंडी मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच. चिठ्ठी खरी ठरली, जरी तिच्या लेखकाने दुसरी शक्यता विचारात घेतली नव्हती.

पण अर्धीच खरी. मुलामा पाहता ही गुंडी बहुधा अधिकाऱ्याची असावी, आणि त्या काळी राजाची सनद धारण करणारे अधिकारी जवळजवळ सर्व ब्रिटिश होते. पलटण निश्चित झाली म्हणून अंगरखा कोणाच्या अंगावर होता हे निश्चित होत नाही. ‘पहिले महायुद्ध’ हेही तसेच; १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांपैकी युद्धाची चारच, आणि रणांगणावरील वेष खाकी.

हे सारे संग्राहकांना सांगितले. त्यांनी युद्धाचा उल्लेख काढून तेथे वर्षे घातली. ‘शिपाई’ हा शब्द खोडावयास मात्र ते राजी झाले नाहीत.