जुन्या प्रोग्रॅमची वेगळी खोली

विंडोज ९५ आठवतंय का? काम ऐन रंगात आलेलं असताना पडदा गोठायचा, माऊसचा बाण तेवढा हलत राहायचा. मग कंट्रोल-आल्ट-डिलीट आणि देवाचं नाव! खापर बहुतेक वेळा फुटायचं जुन्या डॉसच्या प्रोग्रॅमांवर. मला हा आळ जरा अन्यायाचाच वाटतो. त्या मशीनमध्ये सगळ्यात कडक पहाऱ्यात कोण होतं, तर हेच डॉसवाले.

डॉस (१९८१) म्हणजे एका वेळी एकच प्रोग्रॅम. तो सुरू झाला की अख्खं मशीन त्याच्या मालकीचं. स्क्रीनच्या मेमरीत थेट लिहायचं, कीबोर्डचा इंटरप्ट परस्पर आपल्याकडे वळवायचा. त्यात उद्धटपणा नव्हता, वेगानं काम करायचा तोच मार्ग होता. पण असे दोन मालक एका मशीनमध्ये शेजारी शेजारी बसवायचे कसे?

तोड निघाली १९८५ मध्ये, इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमधून. त्यात 'व्हर्च्युअल ८०८६' नावाची सोय होती. प्रोग्रॅमला वाटतं, आपल्याकडे एक मेगाबाइटचं जुनं मशीन पूर्णच्या पूर्ण आहे. प्रत्यक्षात ती मेमरी भलतीकडेच असते. त्यानं एखाद्या राखीव पोर्टाला हात लावला, की प्रोसेसर त्याला तिथल्या तिथे थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. मग सिस्टिम ठरवते, खरंच करू द्यायचं की केल्याचं नाटक करायचं. १९८७ च्या विंडोज/३८६ नं हे वापरलं आणि १९९० च्या विंडोज ३.० नं ते सर्वदूर पोचवलं.

खरी अडचण झाली मधल्या पिढीची. विंडोज ३.० आणि ३.१ साठी लिहिलेले १६-बिट प्रोग्रॅम म्हणजे एकत्र कुटुंबात वाढलेली मंडळी. मेमरी सामाईक, एकमेकांच्या वस्तू बिनदिक्कत वापरायच्या, आणि एकानं आपणहून प्रोसेसर सोडला तरच दुसऱ्याची पाळी. एक जण अडून बसला की बाकीचे ताटकळत. बरं, त्यांना वेगळं काढावं तर ज्यांचं एकमेकांवाचून चालत नाही ते बंद पडणार.

विंडोज ९५ नं नव्या ३२-बिट प्रोग्रॅमांना स्वतःची मेमरी दिली, डॉसवाल्यांना स्वतंत्र मशीनचा भास दिला, पण या मधल्यांना एकाच खोलीत ठेवलं. वर खिडक्या आणि चित्रं काढणारं बरंचसं कोड १६-बिटच राहिलं, आणि त्याला कुलूप एकच. एखादा जुना प्रोग्रॅम ते कुलूप धरून अडकला, की नव्यांचंही पडद्यावरचं काम थांबे. (ड्रायव्हर लोकांचे प्रताप वेगळेच, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.)

मायक्रोसॉफ्टला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचीच विंडोज एनटी १९९३ मध्ये आली होती. तिथे १६-बिटवाल्यांचं अख्खं कुटुंब एका वेगळ्या आवारात कोंडलेलं. आत काहीही कोसळलं तरी सिस्टिम उभी. पुढे एनटी ३.५ मध्ये एकेकाला वेगळं चालवायचीही सोय झाली. पण एनटी ३.१ ला किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे, विंडोज ९५ ला ४. शिवाय हार्डवेअरला थेट हात लावणाऱ्या डॉस प्रोग्रॅमांना एनटी सरळ नकार देई. ज्याचा हिशेबाचा प्रोग्रॅमच चालणार नाही, तो नवी सिस्टिम विकत कशाला घेईल? तेव्हा विंडोज ९५ मधली ती सामाईक खोली मला निष्काळजीपणा वाटत नाही. तो जाणूनबुजून केलेला व्यवहार होता.

सांभाळून घेणं कुठवर गेलं, याचा जोएल स्पॉल्स्कीनं २००० मध्ये लिहिलेला एक किस्सा आहे. सिमसिटी हा गेम एकदा परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. विंडोज ३.१ मध्ये ते खपून जाई, विंडोज ९५ च्या चाचणीत मात्र तो कोसळू लागला. मग काय केलं? सिमसिटी चालू आहे का ते सिस्टिमच तपासू लागली, आणि असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला देईना! चूक गेमची, निस्तरणार सिस्टिम.

पहाराही निर्दोष नव्हता. जानेवारी २०१० मध्ये टॅव्हिस ऑरमंडी या सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं, की एनटीमध्ये जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेतच १९९३ पासून एक भगदाड होतं. तिथून साधा प्रोग्रॅमही थेट कर्नलचे अधिकार मिळवू शकत होता. म्हणजे ज्याला कोंडायला खोली बांधली, त्या खोलीचीच मागची भिंत कच्ची. सतरा वर्षं!

आता ती खोलीच उरली नाही. प्रोसेसरच्या ६४-बिट मोडमध्ये व्हर्च्युअल ८०८६ ची सोय नाही, आणि विंडोज ११ (२०२१) फक्त ६४-बिट आहे. डॉसचा प्रोग्रॅम चालवायचा तर डॉसबॉक्ससारखं काहीतरी घ्यावं लागतं, जे अख्खा जुना प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं. कुणाकडे फॉक्सप्रोतला जुना हिशेब अजून पडून असेल, तर त्यात उघडून बघा आणि काय झालं ते कळवा.