५.२०–१४: कोंडाईबारीच्या पायथ्याशी

तुमची फियाट अजून विटांवरच उभी आहे ना? राहू द्या तशीच. रंग झाला, क्रोमला चकाकी आली, सीटवर नवं रेक्झिन चढलं आणि गाडं टायरपाशी येऊन अडलं. एक जण सांगतो, रेडियल टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, पांढऱ्या पट्ट्याचे आणा, रॅलीत उठून दिसतात. तिसऱ्याच्या गोदामात कागदात गुंडाळलेले, जमिनीला कधी न टेकलेले ‘अस्सल’ टायर आहेत, आणि त्यांची किंमत तो फोनवर सांगत नाही. तिघांचं ऐकून झालं. आता किल्ली उचला. आपण विसरवाडीला निघालो आहोत, आणि पोचायचं आहे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, ऐन मे महिन्यात.

बसा. दार जोरात ओढा, हलक्या हातानं ते लागत नाही. पुढची सीट सलग आहे, तिघं मावतात. गिअर खाली शोधू नका, तो स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. कोपऱ्यातली तिरकी काच वळवलीत की वारा थेट छातीवर येतो. गरम आहे, पण वारा आहे. मागे तुमची आत्या, दोन मुलं, होल्डॉल आणि आंब्याची पेटी. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल लटकते आहे. तिच्यातलं पाणी झिरपतं, वाऱ्यानं गार होतं, आणि या गाडीत थंड म्हणण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

पहाटे धुळ्याहून निघालात तेव्हा गाडी धपधप करत होती, आठवतं? आत्यानं दोनदा विचारलं, “अरे, काही मोडलं का?” काही मोडलं नव्हतं. नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की खालून सपाट बसतो, आणि चालून गरम झाला की पुन्हा गोल होतो. साक्री यायच्या आत आवाज आपोआप गेला. आजच्या गाडीत असं झालं तर तुम्ही पुढच्याच वळणावर थांबाल. इथं ती रोजची सकाळ आहे.

दहिवेल मागे पडलं. आता कोंडाईबारी. दुसरा गिअर टाका आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. सागाची पानं गळून गेलीत, दोन्ही बाजूंना नुसते खराटे उभे आहेत आणि सावली नावाला नाही. समोरून ट्रक चढतायत, नाकावर चांदणी असलेले जुने टाटा-मर्सिडीज, माणसाच्या चालीनं. क्लीनर पायरीवर लटकलाय, हातात दगड. गाडी मागे सरकली तर उडी मारून चाकाखाली घालायला. डिझेलचा काळा लोट खिडकीतून आत येतो, त्यामागोमाग तापलेल्या ब्रेकचा करपट वास. मुलगी नाकाला फ्रॉक लावते.

डांबर एका गाडीपुरतं आहे. ट्रक बाजूला होणार नाही, तुम्हालाच डावी दोन चाकं खाली घालावी लागतील. घाला. आता पुन्हा वर या, आणि स्टिअरिंग घट्ट धरा! जाणवलं? डांबराची कड टायरनं पकडली आणि गाडी क्षणभर तिच्याच मनानं चालली. नायलॉन टायरची ही खोड आहे. त्याच्या आतले दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके, फुलीसारखे घातलेले असतात, त्यामुळे त्याची कूस ताठ राहते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खाचखळगा तो तुमच्या तळहातापर्यंत पोचवतो. रेडियलमध्ये दोरे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, वरून पट्टा येतो. कूस मऊ, धाव घट्ट. ते गाडीला शांत करतात. पण या फियाटचं स्टिअरिंग, तिच्या स्प्रिंगा, तिची सगळी चाल तुमच्या हातात आत्ता थरथरणाऱ्या या टायरसोबत जमवलेली आहे. म्हणून तुम्हाला इथं आणलं. फोटोत हे कळत नाही.

उतार संपला, रस्ता सपाट झाला, तुम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. मागून फटक फटक आवाज. थांबा, कडेला घ्या. बैलाच्या नालेचा खिळा असणार. या रस्त्यावर ट्रकांइतक्याच बैलगाड्या चालतात आणि नाल झिजली की खिळे पडतात.

खाली उतरलात की चपलेतूनही चटका बसतो. डिकी उघडा. स्टेपनी अर्थातच सगळ्या सामानाखाली. होल्डॉल रस्त्यावर, पेटी रस्त्यावर, आत्या बाभळीखाली. जॅक लावण्याआधी दगड शोधून पुढच्या चाकाला लावा. व्हील कॅप काढताना बोट भाजून घेऊ नका. पाना बसला की पायानं दाबा, हातानं नट सुटणार नाही. कुठूनशी पाच-सहा पोरं जमली आहेत, त्यातला एक न सांगता दुसरा दगड आणून देतो. जुन्या गाडीसोबत योग्य मापाचा पाना आणि धड चालणारा जॅक हवाच, असं मी पोटतिडकीनं का सांगतो ते या उन्हात उभं राहून कळेल. लोक कंपनीचं बोधचिन्ह शोधत देशभर फिरतात आणि डिकीत भलत्याच गाडीचा पाना ठेवतात.

स्टेपनीतही हवा निम्मीच. हळूहळू विसरवाडीपर्यंत चला.

आज बाजार आहे. पाटीवर जिल्हा धुळे लिहिलंय. नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावं लागेल, आणि इथल्या कुणाला त्याची कल्पना नाही. सुरतेकडून येणारा आणि धुळ्याकडून येणारा असे दोन्ही धुळीचे लोट गावात एकमेकांना भेटतात. एसटीच्या टपावर टोपल्या, कोंबड्या, बांबूच्या मोळ्या. खांडबाऱ्याकडून आलेल्या बायका सुक्या मासळीपुढे उकिडव्या बसून भाव करतायत. वाळलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास, त्यावर सुक्या बोंबलाचा वास, त्यावर भज्यांचं तेल. एका कानात मावची, दुसऱ्या कानात अहिराणी, दुकानदार गुजरातीत हिशेब करतोय, आणि ट्रकवाल्यांची हिंदी सगळ्यांच्या वरून.

टायरचं दुकान शोधायला लागत नाही. झाडाला लटकवलेला, गोटा झालेला ट्रकचा टायर हीच पाटी.

“काय व्हयनं, भाऊ?” मिस्त्री मान वर न करता विचारतो. चाक बघतो आणि त्याला कळतं. दोन टाम्या घालून तो टायर रिमवरून उतरवतो, घाई नाही आणि जोरही नाही, एक गुडघा रिमवर, एक टामी पायाखाली. ट्यूब बाहेर काढून फुगवतो, पाण्याच्या अर्ध्या पिंपात एकेक वीत बुडवत फिरवतो. बुडबुडे. ओल्या जागेवर पेन्सिलनं खूण. मग कानस, मग सोल्यूशन, त्यावर कच्च्या रबराचा तुकडा. ट्यूब शिकंज्यात आवळली जाते आणि शिकंज्यावर कुठल्यातरी मेलेल्या इंजिनाचा पिस्टन बसतो. पिस्टनच्या पोकळीत थोडं पेट्रोल, एक काडी. निळी-पिवळी ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही, फक्त तिच्यावरची हवा हलते. जळक्या रबराचा वास घशात जाऊन बसतो. पोरं अजून जवळ सरकतात. ज्योत विझेपर्यंत कुणी काही करायचं नाही. या थांबण्यात तुम्हाला चहा मिळतो, आत्याला खाट मिळते.

ट्यूब गार होते आहे तोवर मिस्त्री खरं काम करतो. टायरच्या आत हात घालून पंजा सावकाश पूर्ण गोल फिरवतो. तुम्हीही घाला, तो हसेल, पण नाही म्हणणार नाही. आत कोंडलेली धग आहे. शंखजिऱ्याची पूड बोटांना लागते. इथं दोऱ्यांच्या तिरक्या रेषा लागतात... आणि इथं, थांबा, बोट अडखळलं. खिळ्याचं टोक. ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या गावात पुन्हा पंक्चर. आणखी पुढे एक मऊ, फुगीर जागा आहे, दोन थर तुटलेत. मिस्त्री जुन्या टायरातून कापलेला एक तुकडा आतून बसवतो, त्याला गेटर म्हणतात. “सुरतपर्यंत जाईल. पण स्टेपनीला ठेवा,” तो सांगतो. टायर ही मागितली की मिळणारी वस्तू नाही. मिळाली तर परवडतेच असं नाही, आणि झिजली तरी फेकायची नसते. वरून नवं रबर चढवून घेतात, पुन्हा झिजवतात, आणि शेवटी तो कुणाच्या तरी चपलेचा तळ होतो.

बसल्या बसल्या गाडीभोवती एक चक्कर मारा. टायरच्या कुशीवरची नावं वाचा. पुढे साहागंजचा डनलॉप. दुसरा शिवडीचा फायरस्टोन. मागे भांडुपचा सिएट आणि एक रबर चढवलेला, ज्याचं नाव घासून गेलंय. चारही काळे. माप मात्र एकच, ५.२०–१४: रुंदी इंचात, रिमचा व्यास इंचात. शेजारी उभ्या असलेल्या अँबेसेडरचं ५.९०–१५, पलीकडच्या जीपचं ६.००–१६. मिस्त्रीला ही मापं पाठ आहेत, आणि तो गाडीकडे बघण्याआधी मापच विचारतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्या पायात काय होतं हा एक प्रश्न आहे, आणि ती जगली कशावर हा दुसरा. मला दुसऱ्याचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. खान्देशात आयुष्य काढलेल्या फियाटला पांढरे पट्टे लावणं म्हणजे तिला दुसऱ्या कुणाचे कपडे घालणं आहे.

हवा भरायची वेळ झाली. हातपंप उभा करा, दोन्ही पाय पट्टीवर, आणि मारा. खांदे भरून येतात, घाम डोळ्यात जातो, पोरं मोजायला लागतात. मागे सामान आहे म्हणून मागे थोडी जास्त. बाकीची चाकं तापलेली आहेत, त्यांची हवा वाढलेली दिसली म्हणून कमी करू नका. गरम टायरची हवा सोडली की गार झाल्यावर ती कमी पडते, कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, वाकला की जास्त तापतो, आणि मग आतले दोरे सुटतात. मे महिन्यात या रस्त्यावर फुटलेले टायर बहुतेक असेच फुटतात.

गाडी सुरू होत नाही. घाबरू नका. उन्हात उभी राहून पेट्रोल पंप तापलाय, आत वाफ धरली आहे. फडकं छागलीच्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवा, थोडं थांबा, आणि पुन्हा चावी फिरवा. हं, घेतली! डिकीत एकदा डोळे फिरवून घ्या, हीच तुमची यादी: फॅनबेल्ट, पॉइंटचा जोड, दोन प्लग, पॅचची डबी, जास्तीची ट्यूब, दोरखंड, टॉर्च, पाण्याचा डबा आणि हे फडकं. मेकॅनिकची वाट पाहत बसण्याची सोय या रस्त्यावर नाही, म्हणून हे सगळं गाडीच्याच मालकीचं आहे.

आत्या आणि मुलं चिंचपाड्याच्या वाटेनं नवापूरला पुढे जातील, तुम्ही आजच्या काळात परत फिरा. आता बोलता येईल.

२०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. फियाटला पद्मिनी हे नाव १९७४ साली आलं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता त्या उंबरठ्यावर पोचल्या आहेत. तुमची त्यांतली असेल तर ‘मूळ रूप’ हे शब्द नीट धरा.

गोदामातला तो कागदातला टायर घेऊ नका. न वापरताही रबर म्हातारं होतं, आतून कडक होतं, वरून तडकतं. भिंतीवर टांगायचा असेल तर घ्या, पण त्यावर माणसं बसवू नका. नव्यानं बनलेला, मापाचा, काळा नायलॉन टायर शोधा. कुशीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे, तो विक्रेत्याकडून वाचून घ्या. रोज चौपदरी रस्त्यावरून कामाला जायचं असेल तर रेडियल घ्या, त्यात कमीपणा नाही, पण सगळेच घ्या. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन ही जोडी कधीही नको. वळणावर दोघं दोन दिशांना ओढतात.

आणि दुकानदाराला चार सांगू नका, पाच सांगा. पाच टायर, पाच ट्यूब. मग पाना काढा, आणि गाडी विटांवरून उतरवण्याआधी तो पाचही चाकांवर बसवून बघा.