उमेदवारीची अखेर आणि अपॉथेकरींची परीक्षा

इंग्लंडमध्ये सामान्य जनतेवर उपचार करणारा वैद्य दीर्घकाळ विद्यापीठात नव्हे, तर उमेदवारीत, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने उस्तादाच्या हाताखाली राहून घडत असे. मात्र तो तयार झाला हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले.

औषधे तयार करून विकणारे अपॉथेकरी 1617 मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून फुटून निघाले आणि लंडनमध्ये त्यांची स्वतंत्र सोसायटी स्थापन झाली. उमेदवारांना वनस्पती ओळखता याव्यात म्हणून तिने 1673 मध्ये चेल्सी येथे औषधी बागही उभारली. पुढे 1704 मध्ये विल्यम रोझ याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्याच्या बाजूने दिल्याने अपॉथेकरींना रुग्णास सल्ला देण्याची मोकळीक मिळाली, आणि चूर्णे कुटण्यातील सफाईइतकीच निदानाची पारखही आवश्यक झाली.

तरीही अपॉथेकरींची ही तयारी तपासणारा कायदा व्हायला 1815 साल उजाडले. इंग्लंड व वेल्सला लागू असलेल्या या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी, पुरेशा शिक्षणाचे व सद्वर्तनाचे दाखले आणि सोसायटीच्या परीक्षक मंडळापुढील तोंडी परीक्षा सक्तीची केली. पुढे कवी म्हणून विख्यात झालेला जॉन कीट्स एडमंटनच्या थॉमस हॅमंडकडे उमेदवारी करून व गाय्ज रुग्णालयात शिकून 25 जुलै 1816 रोजी ही परीक्षा उत्तीर्ण झाला. परीक्षार्थीला लॅटिन औषधसंहितेतील उतारे आणि वैद्यांच्या चिठ्ठ्या यांचा अर्थ लावावा लागे, शिवाय रसायन, औषधद्रव्ये व रोगचिकित्सा यांवरील प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. ही सुधारणा मोठीच होती, पण तिच्यात एक गंभीर उणीव राहिली: ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो रुग्ण परीक्षेच्या दालनात नसे.

ती उणीव भरून निघण्यास बराच काळ लागला. केंब्रिजने 1842 मध्ये खाटेशेजारची परीक्षा सुरू केली. 1975 मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी अशी पद्धत मांडली, जिच्यात प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळेत एकामागून एक त्याच टप्प्यांवरून जातो, त्यामुळे सोपा रुग्ण किंवा कडक परीक्षक वाट्याला येणे हा नशिबाचा भाग फारसा उरत नाही.

इंग्लंडमध्ये 2018 पासून अनुभवी परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आदींसाठी असलेल्या प्रगत चिकित्सा-व्यवसायाच्या उमेदवारीत उस्तादाच्या हाताखालचे शिक्षण आणि स्वतंत्र परीक्षा या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. तेथे आधी नोकरी देणारी संस्था उमेदवार सिद्ध झाल्याची ग्वाही देते आणि मगच स्वतंत्र मूल्यमापक त्याची अंतिम कसोटी घेतात. 1815 मध्ये उस्तादाकडे काढलेली वर्षे मोजली जात. येथे कामाच्या जागी हाती आलेले कौशल्य पाहिले जाते, आणि ही मागणी अधिक न्याय्य आहे.